शाळेत पुढे असणारे विद्यार्थी उच्च शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी मागे का पडतात?

प्रश्न : पदवीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. मी विज्ञान शाखेत पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकत आहे. शाळेत अगदी शेवटच्या वर्षापर्यंत माझा क्रमांक वर्गातल्या पहिल्या काही जणांत असे आणि अभ्यास कसा करायचा, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. पहिल्या सत्राच्या निकालाने ती खात्री पार हलवून टाकली. दोन विषयांत मी जेमतेम उत्तीर्ण झाले आणि भौतिकशास्त्रात अनुत्तीर्ण.

वेळ कमी दिला असे म्हणावे, तर तसेही नाही. शाळेत असताना बसत होते त्यापेक्षा जास्त वेळ मी पुस्तकासमोर बसते. वर्गात शिकवलेले त्या वेळी समजते. मी टिपणे काढते, महत्त्वाच्या ओळींवर रंगीत पेन फिरवते, परीक्षेआधी ती टिपणे पुन्हा पुन्हा वाचते आणि वाचताना सारे ओळखीचे वाटते. प्रश्नपत्रिका हातात आली, की त्या ओळखीचा काहीच उपयोग होत नाही. कोणते सूत्र वापरायचे इथपासूनच अडायला होते.

याखेरीज आणखी काही गोष्टी आहेत, ज्या मी घरी बोललेले नाही. वर्ग इतका मोठा आहे, की प्राध्यापकांना माझे नावही ठाऊक नसावे. शंका विचारायला हात वर करावा, तर आजूबाजूच्या सर्वांना समजलेले दिसते. असाइनमेंट समोर असते, ती करायला हवी हे कळत असते, तरी मी ती शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलत राहते आणि मग पहाटेपर्यंत जागते. घरचे आणि शाळेतले शिक्षक दोघेही प्रेमाने एकच सांगतात, की अजून मेहनत कर. ती कशावर करायची, हे मात्र मला कळेनासे झाले आहे. या पातळीचे शिक्षण माझ्या कुवतीबाहेरचे आहे, असा या निकालाचा अर्थ घ्यावा का? या वळणावरून गेलेल्यांनी किंवा विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद : भौतिकशास्त्राचे प्राध्यापक

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. पहिल्या सत्राच्या गुणांवरून कुवतीचा निष्कर्ष काढता येत नाही. त्या गुणांवरून फार तर इतकेच कळते, की शाळेत उपयोगी पडलेली पद्धत इथे पुरी पडत नाही. पहिल्या वर्षाला शिकवताना हे चित्र मला दरवर्षी दिसते आणि ते शाळेत उत्तम गुण मिळवलेल्या मुलांमध्येच अधिक ठळक असते, कारण जी पद्धत इतकी वर्षे यश देत आली ती बदलावी असे त्यांना कोणी सुचवलेलेच नसते.

नेमके काय बदलते, ते एका उदाहरणाने सांगतो. घर्षण नसलेल्या उतारावरून एक ठोकळा घसरतो आहे, उताराचा कोन दिला आहे, ठोकळ्याचे वस्तुमानही दिले आहे, त्वरण काढा. गणित सोपे आहे, तरीही परीक्षेत निम्मा वर्ग इथे थबकतो, कारण उत्तर काढताना वस्तुमान वापरावेच लागत नाही. खाली ओढणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते आणि ठोकळ्याचे जडत्वही वस्तुमानाच्याच प्रमाणात असते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी कटते आणि उरतो तो फक्त गुरुत्वीय त्वरण आणि कोनाची ज्या (साइन) यांचा गुणाकार. शाळेतल्या गणितांत बहुधा दिलेला प्रत्येक आकडा वापरायचा असतो, त्यामुळे दिलेल्या राशी पाहून त्यांत बसणारे सूत्र शोधण्याची सवय लागते. ही सवय वर्षानुवर्षे गुण मिळवून देते आणि इथे आल्यावर अचानक साथ सोडते. तुम्ही 'कोणते सूत्र वापरायचे इथपासूनच अडते' असे लिहिले आहे, त्याचे मूळ मला इथे दिसते. गणित हाती घेतल्यावर सूत्र आठवण्याआधी ठोकळ्यावर कोणकोणती बले लागू आहेत, याची आकृती काढा. सूत्र त्या आकृतीतूनच निघते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वाचताना ओळखीचे वाटणे आणि पुस्तक मिटल्यावर आठवणे या दोन निराळ्या क्षमता आहेत. पुन्हा वाचल्याने पहिली वाढते, परीक्षा मात्र दुसरीची असते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले होते. एका गटाने उतारा पुन्हा वाचला; दुसऱ्या गटाने तो न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवत होते, लिहून काढणाऱ्यांना ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणे वाचून 'सगळे येते आहे' असे का वाटते आणि ते का टिकत नाही, हे त्या आकड्यांत दिसते. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले, तेव्हा सर्वाधिक उपयुक्त ठरल्या त्या स्वतःची चाचणी घेणे आणि उजळणी दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन. ओळी रंगवणे आणि पुन्हा वाचणे या पद्धती सर्वांत खालच्या गटात गेल्या.

म्हणून माझी सूचना अशी, की वर्गातून आल्यावर त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर आजच्या तासाचा गाभा लिहा आणि मग वही उघडून काय राहिले ते दुसऱ्या रंगात भरा. दोन दिवसांनी तोच कागद पुन्हा, पाठ न करता, नव्याने लिहा, मग आठवड्याने. सोडवलेली उदाहरणे वाचत बसू नका; वरचा प्रश्न दिसेल आणि खालचे उत्तर झाकलेले राहील अशा रीतीने कागद धरा. हे वाचण्यापेक्षा त्रासाचे आहे आणि सुरुवातीला आपल्याला काहीच येत नाही असे वाटेल. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच आढळले होते : ज्या विद्यार्थ्यांना वर्गात स्वतः प्रश्न सोडवायला लावले ते प्रत्यक्षात अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो अशीच त्यांची समजूत होती. छान, ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट वाटत होते. त्यामुळे अभ्यास सोपा वाटतो आहे की अवघड, या भावनेवर पद्धतीची पारख करू नका.

आता आमच्या बाजूबद्दलही बोलायला हवे. सारा दोष विद्यार्थ्याच्या पद्धतीवर टाकणे अन्यायाचे होईल. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात केवळ व्याख्यान चालणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना वर्गातच कामाला लावणाऱ्या अध्यापनात २१.८ टक्के होते. म्हणजे आम्ही कसे शिकवतो यावर कोण नापास होणार हे बऱ्याच अंशी ठरते, आणि तरीही तासभर फळ्याकडे तोंड करून बोलणे अनेक ठिकाणी चालूच आहे.

प्रतिसाद : तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

प्राध्यापकांनी सांगितलेली पद्धत उपयोगाची आहे, मी स्वतः तशीच वापरतो. मात्र ज्याच्याकडे वेळ आणि निवांत जागा आहे अशा विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून ते उत्तर लिहिले गेले आहे, असे मला वाटते. मी संध्याकाळी काम करून शिकतो. आमच्या घरात महाविद्यालयापर्यंत पोहोचलेला मी पहिलाच आहे. माझी पहिल्या वर्षातली अडचण अभ्यासाच्या तंत्राआधीच सुरू झाली होती : कोणता विषय घेतल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, असाइनमेंटची मुदत वाढवून मागता येते का, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा आणि त्याची शेवटची तारीख कुठे लावलेली असते. ज्यांच्या घरी कोणी शिकून गेलेले असते त्यांना हे जेवताना बोलता बोलता कळते. बाकीच्यांना मुदत उलटल्यावर. त्यात शिकण्याची भाषा बदलली असेल, तर वर्गातले अर्धे लक्ष वाक्य समजण्यात जाते आणि विषयासाठी अर्धेच उरते. याला कोणी कुवतीचा अभाव म्हटले, की मला फार राग येतो.

उच्च शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडले होते, की विद्यार्थी शिक्षण सोडून जातो तेव्हा केवळ गुण पाहून चालत नाही. तो त्या संस्थेच्या अभ्यासाच्या आणि माणसांच्या जगात किती सामावला गेला, हेही पाहावे लागते. माझ्या डोळ्यांसमोर शिक्षण सोडून गेलेल्यांत हुशार मुलेही होती.

प्रश्नकर्तीला माझे सांगणे असे, की एकटीने अभ्यास करू नका. तीन-चार जणांचा गट पुरेसा असतो, फक्त तिथे एकाने शिकवायचे आणि इतरांनी ऐकायचे असे होऊ देऊ नका. प्रत्येकाने एक उदाहरण कागद न बघता इतरांना समजावून द्यायचे. 'आजूबाजूच्या सर्वांना समजलेले दिसते' ही समजूत पहिल्या दोन बैठकांतच गळून पडेल. ज्यांना माझ्यासारखा वेळ कमी आहे त्यांनी सलग तासांची वाट पाहू नये. उजळणी अंतराने विभागायचीच असेल, तर प्रवासातली आणि कामाच्या सुट्टीतली पंधरा-वीस मिनिटे त्यासाठी अगदी योग्य असतात. आणि मुदत वाढवून मागायची असेल, तर ती तारखेच्या आधी मागा. आधी मागितलेली मुदत नियोजनात धरली जाते, नंतरची सबबीत.

प्रतिसाद : विद्यार्थी समुपदेशक

मी ढकलत राहण्याबद्दल आणि जागरणाबद्दल लिहिते, कारण या दोन गोष्टी प्रश्नात ओझरत्या आल्या आहेत आणि माझ्या अनुभवात बहुतेक घसरणीची सुरुवात तिथे असते.

काम पुढे ढकलणे म्हणजे आळस, असे सर्रास मानले जाते. फ्यूशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली याची वेगळी मांडणी केली : काम समोर आले, की जी भीती, कंटाळा किंवा अपुरेपणाची भावना उठते, तिच्यापासून तात्पुरती सुटका मिळवण्यासाठी माणूस काम टाळतो. सुटका लगेच मिळते, किंमत नंतर चुकवावी लागते. म्हणूनच स्वतःला शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही, उलट त्या कामाशी जोडलेली वाईट भावना वाढते आणि पुढच्या वेळी टाळाटाळ आणखी सोपी होते. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी असाइनमेंट 'पूर्ण करायला' सांगत नाही. ती मिळाल्याच्या दिवशी फक्त पहिला प्रश्न स्वतःच्या हाताने उतरवून घ्या, काय दिले आहे आणि काय काढायचे आहे ते लिहा आणि तिथे थांबा, एवढेच सांगते. सुरू झालेल्या कामाकडे परतणे सुरूच न झालेल्या कामापेक्षा पुष्कळ सोपे असते.

झोपेबाबत मात्र मी ठाम आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ साली १३ ते १८ या वयोगटासाठी रोज ८ ते १० तास झोपेची शिफारस केली. त्यापुढील प्रौढांसाठी किमान ७ तास सांगितले जातात. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्यामुळे रात्री लवकर झोप न येणे हा मुलांचा हट्ट नसतो. पण दिवसा शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, म्हणून पहाटेपर्यंत जागून केलेला अभ्यास दोन्हीकडून नुकसान करतो : तो अर्धवट साठतो आणि दुसऱ्या दिवशी तो वापरणारी बुद्धी थकलेली असते.

'मी इथली नाहीच' ही भावना प्रश्नात जागोजागी आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली तिचे वर्णन केले, तेही अत्यंत यशस्वी स्त्रियांच्या संदर्भात : गुण, पदव्या, मान्यता सारे असूनही आपण इतरांना फसवून इथवर आलो आहोत आणि एक दिवस ते उघडे पडेल, असे त्यांना वाटत असे. पहिल्या वर्षी ही भावना येणे इतके सामान्य आहे, की ती येते हे आधी सांगून ठेवण्याचाही उपयोग होतो. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील अभ्यासात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभरात एवढेच समजावले होते, की परकेपणा सर्वांनाच जाणवतो आणि काळाने ओसरतो. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर त्याचा चांगला परिणाम पुढील तीन वर्षे दिसत राहिला.

एक गोष्ट मात्र तंत्राच्या चर्चेत हरवू नये. अमेरिकेत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांशांची २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे शाळेची शेवटची वर्षे आणि पदवीची वर्षे हाच तो काळ. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी विश्वासातल्या एखाद्या माणसाला ते स्पष्ट शब्दांत सांगा.

प्रतिसाद : माध्यमिक शाळेतील शिक्षिका

हा सगळा धागा वाचून मला वाटले, की याचे अर्धे उत्तर आम्ही शाळेत द्यायला हवे होते. शेवटच्या वर्षात आम्ही विद्यार्थ्यांची प्रत्येक गोष्ट आखून देतो : कोणत्या दिवशी कोणता धडा, कोणते प्रश्न 'येण्याची शक्यता', उत्तर किती ओळींचे असावे. निकाल चांगला लागतो आणि सर्वांचे समाधान होते. या आखणीशिवाय ती मुले काय करतील, याची चाचणी मात्र आम्ही कधीच घेत नाही. ती चाचणी मग पदवीच्या पहिल्या वर्षात, एकटेपणात, मोठ्या वर्गात होते.

गेल्या काही वर्षांपासून मी एक छोटा बदल केला आहे. उत्तरपत्रिका तपासायला देण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक उत्तरासमोर आपल्याला किती गुण मिळतील याचा अंदाज पेन्सिलने लिहायचा. माझे गुण आणि त्याचा अंदाज यांतले अंतर आम्ही दोघे बसून पाहतो. सुरुवातीला चांगल्या मुलांचे अंदाजही विलक्षण चुकतात, आणि ते चुकलेले पाहूनच आपल्याला काय येते आणि काय फक्त ओळखीचे आहे हे त्यांना कळू लागते. यासाठी वेगळा निधी लागत नाही, परवानगीही लागत नाही.

शाखेच्या निवडीबद्दलही बोलायला हवे. ज्याला जास्त गुण त्याने अमुक शाखेला जायचे, हा हिशेब पालक आणि शाळा मिळून करतात. मुलाला तो विषय रोज तासन्‌तास सोबतीला चालेल का, हे कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षात अडखळणाऱ्या काही मुलांचा प्रश्न पद्धतीचा नसतो, विषयाचा असतो. तो लवकर ओळखला गेला तर शाखा बदलण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी खुला असतो, आणि त्यात काहीही लाजिरवाणे नाही.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. विषयाची आवड मला खरोखरच आहे, त्यामुळे शाखा बदलण्याचा विचार नाही. एकच व्यावहारिक अडचण विचारते : अनुत्तीर्ण झालेला विषय नव्या सत्राच्या विषयांबरोबरच करायचा आहे. जुन्याला आधी वेळ द्यावा की नव्याला? आणि प्राध्यापकांना भेटायला गेले, तर 'मला काहीच येत नाही' याखेरीज काय सांगावे, तेही सुचत नाही.

प्रतिसाद : भौतिकशास्त्राचे प्राध्यापक

जुना विषय पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करू नका. तसे केलेत तर नवा विषय मागे पडेल आणि पुढच्या सत्रात हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. पहिल्या सत्रातली यांत्रिकी असेल, तर न्यूटनचा दुसरा नियम, ऊर्जेची अक्षय्यता आणि संवेगाची अक्षय्यता ही तीन प्रकरणे आधी पक्की करा, कारण दोलने, तरंग आणि पुढे विद्युतगतिकीदेखील त्यांवरच उभी आहे. ती प्रकरणे करताना तुम्ही नव्या विषयाचाच अभ्यास करत असता. उरलेली प्रकरणे आठवड्यातून ठरवलेल्या दोन वेळांत घ्या.

प्राध्यापकांकडे जाताना अनुत्तीर्ण झालेल्या विषयाची उत्तरपत्रिका किंवा तिची प्रत मिळवता आली तर ती घ्या; ते शक्य नसेल तर अडलेले एक गणित घ्या, एकच. ते कागदावर जिथपर्यंत सुटले तिथपर्यंत सोडवून न्या, आकृतीसह, आणि ज्या ओळीवर अडले तिथे खूण करा. मग सांगायचे ते इतकेच, की या ओळीपर्यंत मी अशी आले आणि इथून पुढे कोणता नियम लावायचा ते कसे ठरवतात, हे मला कळत नाही. असा कागद घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत नेमके काय सांगावे, हे आम्हाला लगेच दिसते. भेटीची वेळ वेळापत्रकात लावलेली असते. त्या वेळी आमच्या दारात बहुतेक कोणीच नसते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात या.